हॉटेलसाठी फ्रीज: फोर डोअर एकच घ्यावा की दोन लहान?

घावनेवाली
नमस्कार मंडळी. चिपळूणला महामार्गापासून जरा आत आम्ही दोघं, म्हणजे मी आणि नवरा, मालवणी जेवणाचं हॉटेल काढतोय. ४८ खुर्च्या. सकाळी घावने-आंबोळी, दुपारी आणि रात्री माशांची थाळी, कोंबडी-वडे, शनिवार-रविवार मटण. जागा ठरली, भट्ट्या ठरल्या, आचारी ठरला, आता गाडी फ्रीजपाशी अडलीय.

रत्नागिरीचा डीलर म्हणतो, स्टीलचा उभा फोर डोअर घ्या, हजार लिटरच्या आसपास, डोळे मिटून. कोल्हापूरचा एक फॅब्रिकेटर म्हणतो, त्याच मापाचा पाऊण किमतीत बनवून देतो. दीर म्हणतात, कशाला एवढा खर्च, शोरूममधून घरगुती डबल डोअर दोन उचला, बिनव्याजी हप्ते आहेत. आणि परवा एकाने चौथंच सुचवलं: कॉम्बो घ्या, दोन दारं चिलर, दोन दारं फ्रीझर, एकात सगळं. भटारखाना १४ बाय ११ फूट आहे. फ्रीज-फ्रीझरचं मिळून बजेट दोन-सव्वादोन लाख, ताणून.

कुणी हॉटेल चालवलंय का? काय घेतलंत आणि आज पुन्हा घ्यायची वेळ आली तर काय घ्याल?

पुणेकर_पाहुणा
आधी उद्घाटनाची तारीख सांगा. सल्ला त्यावर अवलंबून राहील.

थंडोबा
ताई, मी कोल्हापुरात हेच काम करतो, हॉटेल आणि डेअरीचे फ्रीज दुरुस्त करायचं. म्हणून दिरांचा सल्ला आधी बाजूला काढतो. घरचा फ्रीज दिवसभरात जेवढ्या वेळा उघडतो, तेवढ्या वेळा हॉटेलचा दुपारच्या एका तासात उघडतो. घरगुती कॉम्प्रेसर त्या मानाने लहान, आतला पंखाही लहान. दार उघडून गेलेला गारवा परत येईपर्यंत पोऱ्या पुन्हा दार उघडून उभा. दुपारी दोन वाजता अशा फ्रीजच्या वरच्या कप्प्यात थर्मामीटर ठेवून बघा, १२-१३ अंश सहज दिसतात. शिवाय वॉरंटीचं कार्ड बारीक अक्षरांसकट वाचा. धंद्यासाठी वापरला तर वॉरंटी नाही, असं बहुतेक कंपन्या लिहितात.

आता फॅब्रिकेटर. सगळेच वाईट नसतात, माझे दोन मित्र चांगलं काम करतात. पण चार प्रश्न विचारा. पत्रा कुठला? पफ (गारवा धरून ठेवणारा फोम) किती जाडीचा, आणि तो मशीनने भरतात की शीट कापून चिकटवतात? कॉम्प्रेसर कुठल्या कंपनीचा? दाराचं रबर खराब झालं तर त्याच मापाचं पाच वर्षांनी मिळेल का? चिकटवलेल्या शीटच्या सांध्यांतून ओल आत जाते. दोन पावसाळ्यांत बाहेरच्या पत्र्याला घाम फुटायला लागला की समजायचं, आत पाणी साठलंय.

तवा_गरम
थंडोबांना अनुमोदन, पण पत्र्याबद्दल, म्हणजे स्टीलच्या २०२, ३०४, ४३० या प्रतींबद्दल, सविस्तर सांगा. आमच्याकडे एकजण लोहचुंबक घेऊन आला होता आणि "बघा चिकटत नाही, ३०४ आहे" म्हणून सही घेऊन गेला.

थंडोबा
हा खेळ जुना आहे. चुंबक चिकटला तर ४३० सारखा पत्रा असतो हे खरं. पण २०२ लाही चुंबक चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही. म्हणजे चुंबकाने २०२ आणि ३०४ मधला फरक कळतच नाही, आणि फसवणूक नेमकी तिथेच होते. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, म्हणून तो स्वस्त. तपासायला बाटलीतलं एक रसायन मिळतं, त्याचा थेंब पत्र्यावर टाकून नऊ व्होल्टची बॅटरी लावायची. २०२ वर थेंब लाल होतो, ३०४ वर होत नाही. भंगारवाल्यांकडे ती बाटली हमखास असते.

ताईंच्या फ्रीजमध्ये मीठ लावलेले मासे, कोकमाचं आगळ, लिंबू असं सगळं असणार. आतून ३०४ च हवा. पाठीमागे जी-आय (जस्त चढवलेला) पत्रा असला तरी चालतो, भिंतीकडे कोण बघतंय.

सुरमई
मी मुंबईत हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना अन्नसुरक्षा शिकवते. आयडी बघून हसू नका. फ्रीज किती लिटरचा हे ठरवण्याआधी, घावनेवाली, एका कागदावर लिहून काढा की बुधवारी रात्री दहा वाजता आणि शनिवारी सकाळी अकरा वाजता तुमच्या फ्रीजमध्ये नेमकं काय-काय असेल. वाटण किती किलो, आंबोळीचं पीठ किती डबे, मासे रोज येणार की दिवसाआड, मटण शुक्रवारी येणार की शनिवारी पहाटे. लोक डीलरला "४८ सीट" सांगतात आणि डीलर लिटर सांगतो. रोज ताजा माल घेणाऱ्या आणि आठवड्याचा भरणाऱ्या हॉटेलला एकच फ्रीज कसा पुरेल?

दुसरं, मासे. अन्नसुरक्षा परवान्याच्या नियमांतल्या शेड्यूल ४ प्रमाणे थंड पदार्थ ५ अंश किंवा त्याखाली आणि गोठवलेले उणे १८ किंवा त्याखाली ठेवायचे. बांगडा, तारली, सुरमई, कुपा यांना ५ अंशही जास्तच. हे मासे गरम राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते तळून, उकळून, गोठवून कशानेही जात नाही. मग गिऱ्हाइकाचं तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं, आणि सगळे म्हणतात "बांगडा बाधला". फ्रीजमध्येसुद्धा मासा बर्फात हवा. खाली छिद्रांची ट्रे, वर चुरलेला बर्फ, वितळलेलं पाणी खालच्या खोल ट्रेमध्ये. मासा त्या पाण्यात पोहता कामा नये.

पुणेकर_पाहुणा
सुरमईने सुरमई कशी ठेवावी हे सांगणं म्हणजे मृत्युपत्रच झालं की.

सुरमई
😄 पण बर्फ विसरू नका.

घावनेवाली
कागद काढला. नवऱ्याशी भांडण झालं, कारण त्याच्या मते वाटण रोज करायचं आणि माझ्या मते दोन दिवसांचं. मासे रोज सकाळी येणार, गुहागर किंवा हर्णैहून, पण सोमवारी-गुरुवारी कमी. सोलकढी रोजच्या रोज. एक प्रश्न: रात्री उरलेला मटणाचा रस्सा गरमच फ्रीजमध्ये ठेवला तर? सासूबाई म्हणतात, चुलीवरच राहू द्यावा, सकाळी खळखळून उकळला की झालं.

सुरमई
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण हॉटेलात नको. मटणाच्या रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जंतूचे बीजाणू उकळूनही टिकतात. मोठं पातेलं रात्रभर हळूहळू कोमट होत जातं, त्यात ते वाढतात. ५७ अंशांवरून २१ पर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत, असा अमेरिकी अन्न खात्याचा नियम आहे, तो पाळायला सोपा आहे.

पातेलं तसंच फ्रीजमध्ये सरकवणं हाही उपाय नाही. वाफेने कॉइलवर बर्फ चढतो आणि शेजारचं दही आंबतं. रस्सा पसरट ट्रेमध्ये ओता, चार बोटं खोल, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा, मग फ्रीज. जीएन ट्रे म्हणून मागा. पूर्ण मापाची ५३० बाय ३२५ मिलिमीटर असते, खोली ६५, १०० आणि १५०. तुम्हाला १०० पुरे. फ्रीज घेताना आतल्या पट्ट्यांवर या ट्रे थेट सरकतात का ते बघून घ्या. जाळीच्या कप्प्यांवर डब्यांचे मनोरे रचले की मागची हवा फिरत नाही.

मस्कतवासी
मी मस्कतला हॉटेलच्या किचनमध्ये आहे, मूळ सावंतवाडीचा. आमच्याकडे उन्हाळ्यात बाहेर ४५ च्या वर जातं, म्हणून ऑर्डर देतानाच क्लायमेट क्लास, म्हणजे किती उष्ण-दमट हवेत यंत्र नीट चालेल ते, बघतो. काचेच्या दारांच्या फ्रीजवर क्लास ३, ४, ५ असं लिहिलेलं असतं. ३ म्हणजे २५ अंश आणि ६० टक्के दमटपणा, ४ म्हणजे ३० आणि ५५, ५ म्हणजे ४० आणि ४०. क्लास ३ चं यंत्र शहरातल्या एसी दुकानासाठी ठीक, भट्टीशेजारी ते रडतं. चिपळूणला आकडा ४५ होत नाही, पण भटारखान्यात एप्रिलमध्ये चाळीस सहज, आणि वर तुमचा दमटपणा. तिथे दाराच्या चौकटीत हीटरची तार आहे का ते विचारा. नाहीतर पावसाळ्यात रबराभोवती पाणी धरतं आणि तिथे काळी बुरशी येते. साफ करताना पोरं कंटाळतात.

बाकी तिखल्याला तिरफळं घालताय ना? नाही घातलीत तर सल्ला परत घेतो.

घावनेवाली
तिरफळं घालणार. न घालून जाते कुठे!

तवा_गरम
आता माझी गोष्ट. पुण्यात थाळीचं हॉटेल, शाकाहारी. आम्ही एकच फोर डोअर घेतला होता, चांगल्या नावाजलेल्या कंपनीचा, नाव घेत नाही. गणपतीच्या आदल्या शनिवारी बंद पडला. टोल फ्री नंबरवर मुलगी फार गोड बोलली. मेकॅनिक आला मंगळवारी. तोपर्यंत पनीर, क्रीम, भाज्या शेजारच्या तीन हॉटेलांत वाटून ठेवल्या. एकाच्या फ्रीजमध्ये अंडी होती म्हणून आमच्या महाराजांनी, म्हणजे आचाऱ्यांनी, पनीर परत घ्यायला नकार दिला तो वेगळाच तमाशा. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: एक मोठा नको, दोन दोन-दारी घ्या. एक मेला तरी दुसरा असतो.

थंडोबा
दादा, इथे असहमत. दोन दोन-दारी म्हणजे दोन कॉम्प्रेसर, दोन कंडेन्सर (गरमी बाहेर टाकणाऱ्या जाळ्या), जास्त जागा, किंमत दीडपट, आणि वीजही जास्त. १४ बाय ११ मध्ये भट्ट्या, बेसिन आणि दोन फ्रीज मांडले की आचारी आडवा चालेल. त्यापेक्षा एक फोर डोअर आणि जोडीला एक आडवा पेटी-फ्रीझर, कन्व्हर्टिबल, ज्याला बटण फिरवून चिलर करता येतं. रोज तो फ्रीझर. फोर डोअर बंद पडला तर गोठवलेला माल एका बाजूला बर्फाच्या थर्माकोल पेटीत, आणि पेटी चिलरवर. धंदा थांबत नाही.

कॉम्बोबद्दल ताईंनी विचारलं होतं. त्यात दोन्ही भागांना वेगवेगळे कॉम्प्रेसर असतील तर यंत्र म्हणून वाईट नाही. पण फ्रीझर उभा आणि लहान. उभ्या फ्रीझरचं दार उघडलं की थंड हवा पायावर सांडते. पेटीचं झाकण वर असल्यामुळे ती आतच बसते. वीज गेली तर भरलेली पेटी झाकण न उघडता रात्र काढते. कोकणात पावसात वीज कशी असते ते मी सांगायला नको.

तवा_गरम
कन्व्हर्टिबलचं पटलं. पण पेटीत तळाशी गेलेला माल मार्चमध्ये ठेवलेला दिवाळीला सापडतो. पिशव्यांवर तारीख लिहायची सवय लावा.

चिपळूणचा_जुना
ताई, सगळे लिटर आणि क्लास बोलतायत. तुमचं हॉटेल कुठल्या अंगाला आहे ते कुणी विचारलं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमच्या दुकानातला उभा फ्रीज चक्क तरंगत होता. आत पफ, दार घट्ट, रिकामं भांडं पाण्यावर यावं तसा वर आला, आडवा झाला आणि पाणी ओसरल्यावर दारात अडकून बसला. तो बाहेर काढल्याशिवाय आम्हाला आत जाता येईना. कॉम्प्रेसर खाली होता, तो चिखलात गेला.

भिंतीवर २०२१ ची रेघ कुठवर होती ते घरमालकाला विचारा. तो नाही सांगणार, शेजाऱ्याला विचारा.

घावनेवाली
काका, विचारलं. शेजारच्या काकूंनी कमरेएवढी दाखवली. घरमालक "पायरीपर्यंत" म्हणाला होता.

थंडोबा
मग कॉम्प्रेसर वर असलेला घ्या. तसंही मी हॉटेलवाल्यांना वरचाच सांगतो, कारण रात्री पोरं फरशी पाइपने धुतात. खालच्या जाळीतून पाणी आत जातं, टर्मिनल गंजतं. दिवसा फरशीवरचं पीठ, कांद्याची सालं, तेलकट धूळ सगळं तो पंखा ओढून घेतो. झुरळांना तर ऊबदार कोपरा म्हणून फारच आवडतो.

मस्कतवासी
इथे थोडं वेगळं मत. वर घेतला की कंडेन्सर साफ करायला स्टूल लागतं, म्हणून कुणीही तो साफ करत नाही. शिवाय छताशी भट्टीची गरम हवा साठते. वर घ्याच, पण छतापासून दीड फूट तरी मोकळं ठेवा आणि एक्झॉस्ट हूडच्या रांगेत फ्रीज लावू नका.

चिपळूणचा_जुना
आणि विमा. नुसतं "फायर पॉलिसी काढलीय" म्हणू नका. पूर त्यात आहे का ते वाचा. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी आहे, तिच्यात पूर धरलेला आहे. फ्रीज, फ्रीझर, मिक्सर सगळं यादीत लिहून द्या, बिलं घरी ठेवा. हॉटेलात ठेवलीत तर तीही पुरात जातात.

आकडेमोड
विजेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. समजा फोर डोअरचं यंत्र चालताना ६०० वॅट घेतं. कॉम्प्रेसर दिवसाच्या ६० टक्के वेळ चालला तर ०.६ × २४ × ०.६ = ८.६४ युनिट. कंडेन्सर तेल-धुळीने भरला आणि कॉम्प्रेसर थांबायचंच विसरला तर १४.४ युनिट. फरक रोज पावणेसहा युनिट, महिन्याला १७० च्या वर. व्यापारी दराने गुणा म्हणजे स्टूल किती स्वस्त आहे ते कळेल.

पेटी-फ्रीझरला बीईईचं (वीजबचतीच्या सरकारी संस्थेचं) स्टार लेबल २०२० मध्ये सुरू झालं. घेताना तारे बघा.

वाचनमात्र
पहिल्यांदाच लिहितेय. डीलरने सांगितलं की नवीन फ्रीजमध्ये आर-२९० गॅस आहे, म्हणजे प्रोपेन. भट्टीच्या शेजारी प्रोपेन भरलेला फ्रीज? आमच्या बेकरीत मी तो नाकारला.

थंडोबा
ताई, शेजारीच १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर ठेवलेला असतो, त्यातही प्रोपेन-ब्युटेनच असतं. फ्रीजमध्ये आर-२९० ग्रॅमात असतो. अशा यंत्रांना बरीच वर्षं १५० ग्रॅमची मर्यादा होती, २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकात ती वाढवून ५०० च्या आसपास नेली. गॅस म्हणून उत्तम, वीज कमी लागते. वातावरण तापवायच्या हिशेबात आर-४०४ए या दुसऱ्या गॅसचा आकडा ३९२२ आणि याचा ३.

भीती बाळगायची ती गॅसची नाही, मेकॅनिकची. प्रोपेनच्या यंत्रावर पेटता गॅसगन चालवणारा किंवा "तोच गॅस नाही, १३४ भरतो, चालतंय" म्हणत दुसराच गॅस भरणारा माणूस दिसला की त्याला चहा पाजून घालवा. आमच्याच धंद्यातली माणसं आहेत, पण खरं ते खरं.

हर्णैचा_तांडेल
मासेमारी बंदीचं कुणी काढलं नाही अजून. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद. बिगरयांत्रिकीला सूट आहे, पण उधाणात कोण किती आणणार? मग हॉटेलवाले मेअखेरीला येतात आणि म्हणतात, "पन्नास किलो सुरमई द्या, फ्रीझरला टाकतो." नका करू. तुमची पेटी गोठलेला माल गोठलेला ठेवायला असते, पन्नास किलो ताजा मासा गोठवायला नाही. तो दोन-दोन दिवस हळूहळू गोठतो, आत बर्फाचे मोठे खडे होतात, आणि काढल्यावर पाणी सुटून मासा कापसासारखा लागतो. बंदीच्या महिन्यांत प्लांटला झटक्यात गोठवलेला माल घ्या, तो पेटीत ठेवा.

पुणेकर_पाहुणा
किंवा १ जून ते ३१ जुलै सोड्यांची खिचडी, सुकट-वांगं, बोंबलाची चटणी आणि भाजलेला बांगडा, सुकवलेला. फ्रीजच नको. आजीने कुठे फोर डोअर घेतला होता?

हर्णैचा_तांडेल
हसण्यावारी नेऊ नका, हेच बरोबर आहे. पावसात सोडे खाणारा गिऱ्हाईक मुंबईहून गाडी काढून येतो. फक्त सुकी मासळी फ्रीजमध्ये ठेवू नका, बरणीत बंद करून कोरड्या जागी. नाहीतर सोलकढीला जवळ्याचा वास.

सुरमई
आणि पुढे श्रावण. त्या महिन्यात मटणाचा खप अर्ध्यावर येईल. अर्ध्या रिकाम्या फोर डोअरमध्ये वीज तेवढीच जाते. जून ते श्रावण हे तुमचं सगळ्यात कमी साठ्याचं ऋतुचक्र आहे, आणि मोठा साठा लागतो तो मे आणि डिसेंबरच्या पर्यटकांना. मेचं माप घ्या, पण फ्रीझर फार मोठा घेऊ नका.

दादरचा_दादा
पेय कंपनीचा काचेचा फ्रीज फुकट मिळतो, त्यात सोलकढीच्या बाटल्या ठेवा की. दोन पैसे वाचतील.

तवा_गरम
करार वाचा दादा. त्यात फक्त त्यांचाच माल ठेवायचा असतो, त्यांचा माणूस येऊन बघतो. आणि तो बाटल्या थंड ठेवायला बनवलेला आहे. नारळाच्या दुधाला ५ अंशांच्या खाली कायम राहायला हवं. आइस्क्रीमवाल्यांच्या डिपॉझिटच्या फ्रीझरचंही तेच.

पुणेकर_पाहुणा
फ्रीजवर पाटी लावा: "दार उघडं ठेवून विचार करू नये. विचार बाहेर करावा, मग दार उघडावं."

चिपळूणचा_जुना
ही पाटी आमच्या घरीही लागेल.

घावनेवाली
सगळं वाचलं, दोनदा. कागदही पुन्हा मांडला. मी असं ठरवतेय, चुकत असेल तर आत्ताच बोला:

फोर डोअर चिलर, चारही दारं चिलरच, अर्ध्या उंचीची, म्हणजे कांदा काढताना सगळा फ्रीज उघडणार नाही. कॉम्प्रेसर वर. खाली नऊ इंचांचा सिमेंटचा ओटा. छत नऊ फुटांचं आहे, म्हणून वर दीड फूट राहतो. खालच्या डाव्या दारात फक्त कच्चे मासे बर्फात, खालच्या उजव्या दारात कच्चं मटण-कोंबडी, वर शिजवलेलं, वाटण, पीठ आणि सोलकढी. पेटी ३०० लिटरची, कन्व्हर्टिबल, भटारखान्यात नाही, मागच्या कोठारात. कोल्हापूरच्या फॅब्रिकेटरने पत्र्यावर थेंब टाकून दाखवायला "पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलं, म्हणून तो बाद. दिरांना मिक्सर घ्यायचं काम दिलंय. बिनव्याजी हप्त्यांवर.

ब्लू स्टार, सेलफ्रॉस्ट, एलानप्रो अशी कोटेशनं आली आहेत. आकडे उन्नीस-बीस. यात काय बघू?

थंडोबा
तिघांनाही एकच विचारा: चिपळूण किंवा खेडला तुमचा माणूस बसतो का, आणि तक्रार केल्यावर किती तासांत येतो? लेखी मागा. पुण्याहून येणार असेल तर पाच हजार सवलत दिली तरी नको. दाराचं रबर आणि थर्मोस्टॅट स्थानिक दुकानात मिळतात का तेही. स्टॅबिलायझर वेगळा धरा, तीन मिनिटांचा डिले असलेला. वीज येते-जाते तेव्हा कॉम्प्रेसर लगेच पुन्हा चालू झाला की जातो.

मागच्या दाराची रुंदी मोजलीत का?

घावनेवाली
३० इंच. का?

थंडोबा
फोर डोअर समोरून चार फुटांच्या आसपास असतो, तो उभाच ठेवून, वळवून, कुशीच्या बाजूने आत न्यायचा. पुढून मागपर्यंतची खोली मॉडेलप्रमाणे २८ ते ३२ इंच, त्यात हँडल. कॅटलॉगमधलं माप हँडल धरून आहे की सोडून ते विचारा. ३० च्या दारातून २९ चा जातो, पण दारं उतरवून. त्यांच्या माणसाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो "चौकट फोडा" म्हणेल.

घावनेवाली
नवरा टेप घेऊन उभा आहे. खोली ठरली की कळवते. एकाचा माणूस खेडलाच राहतो, त्याचाच घेतोय बहुधा. माल पुण्याच्या गोदामातून कुंभार्ली घाटाने येणार, टेम्पोवाला म्हणतो आडवा टाकला तर दोन फ्रीज मावतात, भाडं अर्धं.

थंडोबा
भाडं पूर्ण द्या आणि उभा बांधून आणा. आडवा टाकला की कॉम्प्रेसरचं तेल पाइपांत शिरतं, घाटातल्या वळणांनी आणखीच. तरीही टेम्पोवाल्याने हुशारी केलीच तर आल्याबरोबर लावू नका, उभा करून रात्रभर तसाच राहू द्या. चालू केल्यावर पहिला दिवस रिकामा चालवा, मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवा. ४ अंश दिसले की मग माल भरा, तोही थोडा-थोडा.

तवा_गरम
आणि डिलिव्हरी पेपरवर सही करायच्या आधी चारही दारांत नोट अडकवून ओढून बघा. सहज निसटली तर रबर बसलेलं नाही, तिथेच लिहून घ्या.

दादरचा_दादा
कितीची नोट?

तवा_गरम
दहाची चालते. पाचशेची लावलीत तर टेम्पोवाला भाड्यात धरेल.